भोंगा बंद केला तेव्हा

सिंगापूर
९ मार्च १९९६

कक लाँग,

ईदच्या, आपल्या रायाच्या सणाला घरी आले नाही म्हणून थोरली बहीण असून तू माझे फोन घेतले नाहीस. शेवटी घेतलास तेव्हा नुसतं "हं, हं" केलंस. म्हणून हे पत्र. पत्राला "हं" करून भागत नाही, उत्तर लिहावं लागतं.

का आले नाही ते सांगते. मी पेशी बघत बसते म्हणजे नक्की काय करते, असं तू नेहमी विचारतेस. ऐक. आईच्या पोटात बाळाचा दंड घडतो तेव्हा आधी नुसत्या सुट्या, गोल पेशी असतात. त्या वाढत राहतात. मग कुठून तरी निरोप येतो, आता पुरे. त्या थांबतात, एकमेकींना बिलगतात, मधल्या भिंती विरघळतात आणि कित्येक पेशींचा मिळून एक लांब धागा होतो. तो आखडतो, सैलावतो. तोच स्नायू. तू फळ्यावर लिहितेस, पोरींचे कान पिळतेस, ते सगळं या धाग्यांच्या जोरावर. तो निरोप कोण कुणाला देतं, हे शोधायचं माझं काम.

पेशीत एक प्रथिन आहे. त्याचं नाव म्हणजे अक्षरं आणि आकडे, ते राहू दे. आम्ही त्याला भोंगा म्हणतो. पेशी तापली, उपाशी पडली, विषाशी गाठ पडली की तो जागा होतो, आणि बहुतेक वेळा पेशी मरते. आमचे प्रोफेसर ग्वी यांची सगळी कारकीर्द या भोंग्यावर उभी आहे. मला त्यांनी साधं काम दिलं होतं: औषध घालून भोंगा बंद कर आणि दाखव, की पेशी कमी मरतात आणि स्नायू जास्त चांगला होतो.

मी भोंगा बंद केला. पेशी मेल्या नाहीत. पण धागेही झाले नाहीत! बसथांब्यावर अनोळखी माणसं उभी असतात तशा शेजारी शेजारी बसून राहिल्या, एकमेकींकडे न बघता. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तुम्ही रेंदांग खात होतात तेव्हा मी तेच आणखी एकदा करत होते. पेशींना सण कळत नाही.

समजलं का, कक लाँग? ज्याला सगळे मारेकरी म्हणतात, तोच स्नायू घडवतोय. सोमवारी प्रोफेसरांना दाखवणार आहे.

तुझी सू


क्वाला कांग्सार
२ एप्रिल १९९६

सू,

चार पानं लिहिलीस आणि त्यात एकाच पुरुषाचं नाव, तेही म्हाताऱ्या प्रोफेसराचं. खरं सांग, पेशी पेशी करत कुणाला लपवते आहेस? शेजारची मक चिक सालेहा काल कुंपणावरून म्हणाली, "तुमची धाकटी पस्तिशीची झाली आणि सिंगापुरात उंदीर पाळते म्हणे." मी म्हटलं, उंदीर नाही, उंदराच्या पेशी. तर म्हणते, "म्हणजे उंदीरसुद्धा पुरता नाही!"

भोंग्याचं मात्र मला पटलं. आमच्या शाळेत आग लागली तर जी घंटा वाजते तीच सकाळी शाळा भरायलाही वाजते. यात एवढं नाचण्यासारखं काय, ते मला कळलं नाही, पण तू नाचलीस हे कळलं.

एक सांगते. मोठ्या माणसाला त्याची चूक दाखवताना आवाज खाली ठेव. तुझा आवाज चढतो, आबाहसारखा. आबाह आणि मक गेले, आईबाप दोघंही, तेव्हा तू दहा वर्षांची होतीस, तेव्हाही मौलवींना "असं का?" विचारून भंडावलं होतंस. तुला मी वाढवली, म्हणून त्याचा दोष लोक मला देतात.

आणि तो माणूस कोण ते लिही.

कक लाँग


सिंगापूर
१७ जून १९९६

कक लाँग,

माणूस कोणी नाही. असता तर या तीन महिन्यांत पळून गेला असता.

प्रोफेसर ग्वींनी माझी चित्रं पाहिली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिली. मग हसून, माझं पूर्ण नाव घेऊन म्हणाले, "झाविया, तुझ्या पेशी आजारी आहेत." मी नव्या पेशी मागवल्या. तेच झालं. म्हणाले, "औषध जास्त झालं असेल." मी कमी केलं. तेच. म्हणाले, "असू दे, पुढे बघू." आवाज खाली ठेवला होता, शपथ.

मागच्या आठवड्यात पेपराचा मसुदा टेबलावर आला. माझं नाव दुसरं. आत लिहिलंय, भोंगा बंद केल्याने स्नायू घडण्यावर काहीही परिणाम होत नाही, फक्त पेशी कमी मरतात. पुराव्याला लॅबमधल्या दुसऱ्या मुलाची चित्रं. माझं एकही नाही. एकही नाही, कक लाँग!

मी आत गेले. म्हटलं, "सर, माझं चित्र याच्या बरोबर उलट आहे. दोन्ही छापा. का असं होतं ते माहीत नाही, असं लिहा."

"माहीत नाही असं लिहायला कोणी पेपर छापत नाही."

"मग माझं नाव काढा."

त्यांनी मसुद्याची पानं सारखी केली. मग म्हणाले, "नावं काढायची नसतात. लोक विचारतात का काढलं."

"तेच तर हवंय," मी म्हटलं. इथे आवाज चढला. दाराबाहेर सगळे थबकले होते.

आता सगळ्या लेखकांनी संमतीची सही करायची आहे. माझी तेवढी राहिली आहे. जेवायला बसले की समोरची खुर्ची रिकामी राहते. परवा माझ्या पेशींच्या पेटीचं दार कुणीतरी नीट लावलं नव्हतं. मुद्दाम असेल असं मी म्हणत नाही. पण आता कुलूप लावते.

सू


क्वाला कांग्सार
१ जुलै १९९६

सू,

सही कर.

रागावू नकोस, नीट वाच. मी सव्वीस वर्षं नोकरी केली, त्यातली नऊ मोठी बाई म्हणून. वरून आलेल्या किती कागदांवर नाक दाबून सही केली ते माझं मला ठाऊक. त्या सह्या केल्या म्हणून शाळेत राहिले, आणि राहिले म्हणून पुढे चार चांगल्या गोष्टी करता आल्या. तुझं चित्र खरं असेल तर पळून जाणार नाही. दोन वर्षांनी, पाय घट्ट रोवले की, वेगळं छाप. आज भांडलीस तर तुला ना पेटी राहील ना पेशी.

आणि तू एकटी, परमुलखात. माझ्या मैत्रिणी विचारतात तेव्हा मी अभिमानाने सांगते, आमची सू सिंगापुरात शास्त्रज्ञ आहे. ते तोंड बंद करायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

ग्वी हा माणूस वाईट वाटत नाही. तुझ्या भोंग्याने त्याचं घर हलतंय, एवढंच.

कक लाँग


सिंगापूर
८ जुलै १९९६

कक लाँग,

नाही.

तुझ्या सह्या वेगळ्या होत्या. बाकं किती, खडू किती. ही सही म्हणजे मी पाहिलेलं मी पाहिलं नाही असं लिहून देणं आहे. मग मी डोळ्यांचं काय करू?

नोकरीची काळजी करू नकोस. करार वाढणार आहे.

सू


क्वाला कांग्सार
२२ सप्टेंबर १९९६

सू,

हे पत्र दोनदा वाच. एकदा माझ्यावर चिडून, मग शांतपणे.

शनिवारी दुपारी दारात गाडी थांबली. उतरला तो पांढऱ्या केसांचा, इस्त्रीच्या शर्टातला चिनी गृहस्थ, हातात संत्र्यांची पेटी. शाळेतल्या पोरी बाईंना हाक मारतात तसं म्हणाला, "चेगू, मी ग्वी. इपोहला पुतणीचं लग्न होतं, वाटेत आलो." इपोहहून सिंगापूरला जाताना क्वाला कांग्सार वाटेत लागत नाही. उलट्या दिशेला आहे. तरी मी आत घेतलं.

तो माणूस मला आवडला, आधीच सांगते. चप्पल नीट काढून ठेवली. मकचा फोटो बघून मान लववली.

"चेगू, तुमची बहीण फार हुशार आहे," तो म्हणाला.

"ते मला माहीत आहे. एवढं सांगायला आलात?"

"तिला समजवा. तिचा करार डिसेंबरात संपतोय. सही केली तर मी वर शब्द टाकीन. नाही केली तर माझे हात बांधलेले आहेत."

मी चहा ओतत होते. ओतत राहिले. कप भरून चहा बशीत आला, बशीतून टेबलावर. "करार वाढणार आहे" असं लिहून तू मला फसवलंस, सू. त्याबद्दल समोर आल्यावर बोलू.

मी विचारलं, "तिचं चित्र खोटं आहे का?"

"छे, खोटं नाही."

"मग तिने हलगर्जीपणा केला?"

"तिच्याइतकी नीटस कोणी नाही. पण एखादा प्रयोग बिघडतो कधी."

"बिघडला हे कशावरून?"

"असं होत नाही म्हणून."

"होत नाही हे कशावरून?"

"कोणी पाहिलेलं नाही."

"तिने पाहिलं की."

तो हसला, आणि मग एकदम थकल्यासारखा दिसला. म्हणाला, "चेगू, माझ्या लॅबवर चौदा घरं चालतात. या वर्षी हा पेपर गेला नाही तर ती पांगतील. ती मुलगी बरोबर असेलही. पण मी आज थांबू शकत नाही."

त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. भीती होती. आणि मला अचानक माझ्या स्वतःच्या सह्या आठवल्या. दर वेळी मी हेच म्हटलं होतं, शाळेसाठी. शब्द तेच होते, सू.

मी म्हटलं, "आमच्या शाळेत पोरगी गणित चुकली तर तिला खोडू देत नाही. एक रेघ मार म्हणते, खालचं दिसलं पाहिजे. तुम्ही तर पानच फाडताय."

त्याने मान खाली घातली. मग मी जेवायला वाढलं. तेम्पोयाकातला मासा होता. आमचा आंबवलेला दुरियन त्याने नाक न मुरडता खाल्ला आणि वर रस्सा मागितला, एवढं त्याच्या बाजूने लिहून ठेव.

गाडीत बसताना मी म्हटलं, "प्रोफेसर, सही कर असं मी तिला जुलैत लिहिलं होतं. ते आज मागे घेते."

तर आता ऐक. सही करू नकोस. हाकललं तर हाकलू दे. घर उघडं आहे. लोकांना काय सांगायचं ते मी बघेन.

कक लाँग


सेरेंबान
३० जानेवारी १९९७

कक लाँग,

करार संपला. निरोप समारंभ नाही, केक नाही. भांडी विसळणारी ऑन्टी लिम तेवढी खाली दारापर्यंत आली आणि म्हणाली, "डॉक्टर, तू गेलीस की इथे भांडणार कोण?" पेपर छापून आला. माझं नाव त्यात नाही. चित्रही नाही. जगाच्या दृष्टीने मी ते काम केलंच नाही.

तुझ्याशी खोटं बोलले. तू चहा सांडलास हे वाचून मला पेपर गेल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

आता इथलं. सेरेंबानच्या बाहेर एक शेतकी कॉलेज आहे, तिथे शिकवायला घेतलंय. प्राचार्य म्हणाले, "डॉक्टर, आम्ही इथे कोंबड्यांचे रोग शिकवतो. संशोधनाला खोली आहे, पण तिच्यात गवत कापायची यंत्रं ठेवलीत." मी विचारलं, यंत्रं बाहेर काढू? ते म्हणाले, काढा, पण पावसात भिजता कामा नयेत. यंत्रं माझ्या वर्गाच्या व्हरांड्यात नेऊन लावलीत. पोरं त्यांच्यावर बसून टिपणं घेतात.

उंदराच्या पेशी इथे परवडत नाहीत. पण स्नायू कोंबडीलाही असतात, आणि अंड्यातल्या पिलाच्या छातीतून त्याच सुट्या गोल पेशी काढता येतात. जुन्या लोकांनी सगळं काम असंच केलं. कॉलेजची अंडी प्रात्यक्षिकाला जातात, मला मिळत नाहीत. तुझ्या ओळखीत गावठी कोंबड्या कोण पाळतं? कोंबडा मोकळा फिरणारा हवा. बाजारातल्या अंड्यांत जीव नसतो.

मी हरलेली नाही. फक्त पत्ता बदलला आहे.

सू


क्वाला कांग्सार
११ मार्च १९९७

सू,

अंडी पोचली का? बस कंडक्टर राजेंद्रन माझा जुना विद्यार्थी नाही, पण त्याची बायको आहे, त्यामुळे तो टोपली मांडीवर घेऊन बसतो. एकदा ब्रेक लागला तेव्हा आपलं डोकं आपटलं पण टोपली हलली नाही, असं त्याने मला टेंगूळ दाखवून सांगितलं.

अंडी मक चिक सालेहाकडची. तिला म्हटलं, सरकारी काम आहे. ती म्हणाली, "सरकारने माझ्या कोंबड्याची कधीपासून दखल घेतली?" आता येणाऱ्या जाणाऱ्याला सांगते, की तिच्या कोंबड्याची मुलं कॉलेजात शिकतात. पुढे त्यांचं काय होतं ते मी तिला सांगितलेलं नाही. तूही मला सांगू नकोस.

लोकांना मी सांगितलंय, सू सिंगापूर सोडून देशसेवेला आली. फार खोटं नाही.

कक लाँग


सेरेंबान
१९ नोव्हेंबर १९९७

कक लाँग,

अंडी पाठवणं थांबव.

सगळं केलं. तीच मात्रा, तेच औषध, तीच काळजी. भोंगा बंद केला आणि बशीत धागे झाले. लांब, सुंदर, आखडणारे धागे. जणू मी काही केलंच नाही. दर खेपेला हेच. प्रोफेसर ग्वींच्या पेपरात आहे अगदी तसं.

म्हणजे माझ्या पेशी खरंच आजारी होत्या का? मी एका बिघडलेल्या प्रयोगासाठी नोकरी घालवली? तुझं नाव खाली आणलं, सालेहाच्या कोंबड्याला कामाला लावलं, प्राचार्यांची यंत्रं गंजवली?

प्रोफेसरांना पत्र लिहून चूक कबूल करणार आहे. तेवढं तरी सरळ करते.

सू


क्वाला कांग्सार
२८ नोव्हेंबर १९९७

सू,

अंडी या बसने येताहेत. राजेंद्रनला सांगून ठेवलंय, तू घेतली नाहीस तर तुझ्या पायरीवर ठेवून ये.

चूक असेल तर जरूर कबूल कर. मीच टपाल तिकीट लावते. पण आधी मला सांग, तुझी चूक कुठे झाली? औषधात? पेशीत? मापात? तुला माहीत आहे? नाही ना? मग कबूल काय करणार आहेस? "सर, मी चुकले पण कुठे ते ठाऊक नाही"? हे कबूल करणं नव्हे. हे थकणं आहे. थकली असशील तर झोप, भात खा, शुक्रवारी घरी ये. पण थकव्याला प्रामाणिकपणा म्हणू नकोस.

तूच त्याला म्हणाली होतीस ना, दोन्ही छापा, का ते माहीत नाही असं लिहा? मग आता तुझ्यापाशी दोन्ही आहेत. एक सिंगापूरचं, एक सेरेंबानचं. तुझंच एक पान तू फाडायला निघालीस. मी त्याला जे बोलले ते तुलाही लागू आहे.

आणि माझं नाव खाली गेलंय ही तुझी कल्पना आहे. मी माझं नाव चांगलं वर धरलंय, हात दुखेपर्यंत.

कक लाँग


सेरेंबान
४ मे १९९८

कक लाँग!

बस. बसलीस का?

एप्रिलमध्ये इथे वादळ झालं आणि कॉलेजची वीज गेली. उबवणीची पेटी गार पडली. मी अंडी फेकून देणार होते, पण तुझी जीभ आठवली, म्हणून नाही फेकली. वीज आली तशी तीच पुन्हा उबवली आणि ठरल्या दिवशी पेशी काढल्या. भोंगा बंद केला.

धागा नाही. एकही नाही! सगळ्या पेशी सुट्या. बसथांबा!

आधी वाटलं, गारठ्याने आजारी पडल्या. पण औषध न घातलेल्या बशीत धागे झकास झाले होते. म्हणजे आजार नव्हे. मग डोक्यात प्रकाश पडला. गारठ्यामुळे पिलांची वाढ मागे पडली होती. ती मला वाटत होतं त्यापेक्षा लहान होती. त्यानंतर मुद्दाम, वीज असताना, लहान पिलांच्या पेशी घेतल्या. तेच. मोठ्या पिलांच्या घेतल्या. धागे झाले.

भोंगा फक्त सुरुवातीला लागतो, कक लाँग. वाढ थांबवून बिलगायला निघतात त्या वेळी. तेवढ्यात तो वाजला नाही तर पुढे काही होत नाही. एकदा वाजून गेला, मोठ्या पिलांत तो आधीच वाजून गेलेला होता, की मग बंद करा नाही तर चालू ठेवा, धागे व्हायचे ते होतात. सिंगापुरात मी औषध अगदी सुरुवातीला घालत होते. तो दुसरा मुलगा दुसऱ्या दिवशी घालायचा, कारण त्याला सकाळी यायला उशीर व्हायचा! दोघांचीही चित्रं खरी होती. दोन्ही शेजारी शेजारी छापली असती तर कुणीही, अगदी प्रोफेसर ग्वींनीसुद्धा, एका दुपारी हे ओळखलं असतं.

पेपर लिहितेय. एकटीचं नाव. खाली आभारात मक चिक सालेहा. कोंबड्याचं नाव काय आहे?

सू


सेरेंबान
१४ ऑक्टोबर २००१

कक लाँग,

फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

सिंगापूरहून बोलावणं आलंय. क्योतोच्या लोकांनी माझं काम मान्य केलं, मग बोस्टनच्या, आणि आता जुन्या संस्थेला स्नायूंसाठी नवा विभाग काढायचा आहे. प्रमुख म्हणून मला घ्यायचं म्हणतात. माझी स्वतःची लॅब, माणसं, उंदीर, सगळं. प्रोफेसर ग्वी निवृत्त झालेत.

फक्त संचालकांनी फोनवर हळूच सांगितलं, जुन्या पेपराचा विषय काढू नये. "म्हाताऱ्याला शेवटी शेवटी कशाला?" असं म्हणाले.

काय करू?

सू


क्वाला कांग्सार
२३ ऑक्टोबर २००१

सू,

"काय करू?" असं लिहिलंस, पण ते विचारणं नव्हे. तुला कळलंय, म्हणून तू मला सांगते आहेस.

एकदा मी तुला चुकीचा सल्ला दिला. पुन्हा देणार नाही. जा, त्यांच्यासमोर बस, जे मनात आहे ते बोल. आवाज चढला तर चढू दे.

कक लाँग


सेरेंबान
१८ ऑगस्ट २००२

कक लाँग,

तुला फोनवर तुकड्या तुकड्यांनी कळलंय, आता सगळं सलग लिहिते.

समितीपुढे गेले. संचालक, चार जण, आणि कोपऱ्यात पाहुणे म्हणून प्रोफेसर ग्वी. काठी घेऊन. माझी अट सांगितली: आधी तो पेपर दुरुस्त करा, वगळलेलं चित्र छापा, मग मी येते.

संचालक म्हणाले, "डॉक्टर झाविया, तुम्ही एका वृद्ध माणसाचा अपमान मागताय."

"मी एक चित्र छापायला सांगतेय. आजही लोक तो पेपर वाचून औषध दुसऱ्या दिवशी घालतात आणि वर्ष वर्ष वाया घालवतात. माझ्याकडे त्यांची पत्रं येतात."

"दुसरा काही मार्ग?"

"नाही."

तेव्हा कोपऱ्यातून प्रोफेसर म्हणाले, "मला विचारणार आहात का कोणी?" सगळे तिकडे वळले. ते उठले नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, "चित्र माझ्या कपाटात आहे. मी ते फेकलं नव्हतं. दुरुस्ती मी लिहितो." मग म्हणाले, "चेगू बऱ्या आहेत ना?"

मी फक्त मान हलवली. राग होता, अजून आहे. सहा वर्षं कपाटात! पण त्यांनी लिहिली. या महिन्याच्या अंकात आलीय, अर्धं पान, माझं चित्र आणि खाली त्यांचे स्पष्ट शब्द, "हे उपलब्ध होतं आणि वगळलं गेलं, जबाबदारी माझी." त्यांची एकट्याची सही.

आणि विभाग प्रमुख म्हणून संस्थेने दुसऱ्याला घेतलं. कळवलंसुद्धा नाही, वर्तमानपत्रात वाचलं. भांडकुदळ बाई नको असेल. नको तर नको. मी दोन गोष्टी मागायला गेले असते तर मलाही वाईट वाटलं असतं. मी एकच मागायला गेले होते.

आता कालचं. माझ्याकडे मल्लिगा नावाची मुलगी डॉक्टरेट करतेय, तैपिंगची, कमी बोलणारी. ती पायाच्या स्नायूवर काम करते. काल दारात येऊन उभी राहिली, हातात चित्रं, आत येईना. म्हटलं, काय गं? म्हणाली, "मॅडम, पायाच्या पेशींत भोंगा सुरुवातीलाच बंद केला तरी धागे होताहेत. चार वेळा केलं. बहुतेक माझ्याकडूनच काहीतरी..."

कक लाँग, माझ्या तोंडात कोणतं वाक्य आलं होतं सांगू? जसंच्या तसं, चष्मा पुसण्यासकट. तुझ्या पेशी आजारी आहेत, मुली. जिभेच्या टोकावर होतं. माझं सगळं नाव त्या भोंग्यावर उभं आहे, आणि ही कालची पोर मला सांगतेय की पायात तो लागतच नाही!

मी खुर्ची सरकवली. तिला बसवलं, चित्रं खिडकीच्या उजेडात धरली आणि एक एक पाहिली. पेशी धडधाकट आहेत. काम नीटस आहे. निकाल माझ्या विरुद्ध आहे.

तिने विचारलं, "मग आता काय करायचं, मॅडम?"

मी म्हटलं, "लिहायला घे. तुझं नाव पहिलं."

सू